मधली साडी आणि पहिला चहा

समजा, तुम्ही घोडेगावच्या पेठेतल्या एका कापडदुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसला आहात. पुढ्यात लग्नाचा बस्ता पसरलाय. समोर सात बायका बसल्यात आणि प्रत्येकीच्या मनात शालूचा रंग वेगळा आहे. एकीला अगदी फिकट गुलाबी पाहिजे, एकीला जवळजवळ काळाच म्हणावा असा वांगी, बाकीच्या अधेमधे कुठंतरी. शालू मात्र एकच काढायचा. कुणी रुसता कामा नये आणि कुणी उठून जाता कामा नये. बाहेर पिकअपचा ड्रायव्हर उगाचच हॉर्न वाजवतोय. बोला, कोणती साडी काढाल?

घाबरू नका. राखीही घाबरली होती.

राखी म्हणजे रूपचंद शेटजींची धाकटी. तिचे पणजोबा राजस्थानातून पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आता मारवाडी फक्त आईच्या स्वयंपाकात आणि वडिलांच्या रागात उरली आहे. बाकी सगळा कारभार मराठीत. खाली दुकान, वर घर आणि मधे एक लाकडी जिना. राखीच्या मते त्या जिन्याची मधली पायरी ही जगातली सर्वांत चांगली जागा, कारण तिथून दुकानातलं बोलणंही ऐकू येतं आणि स्वयंपाकघरातला वासही.

मधल्या जागेचं तिला लहानपणापासून वेड. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावली की राखी बरोब्बर मधोमध यायची. कवायतीच्या सरांना रांगेचे दोन भाग करायचे असले की ते सरळ तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. दुसऱ्या मुली उंच व्हायचं म्हणून दोरीला लोंबकळायच्या. राखीला एकच काळजी, आपण वाढलो आणि मधली जागा गेली तर? पुढे मंचरला बी.कॉम. करताना सांख्यिकीच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘मध्यक’ लिहिलं. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडायचे आणि मधला उचलायचा. राखीला एकदम वाटलं, अरे, ही तर मीच!

सरासरी तिला फारशी आवडली नाही. एखादा आकडा फार मोठा निघाला की सरासरी त्याच्या मागं फरफटत जाते. मध्यक मात्र जागचा हलत नाही. टोकाचा कितीही लांब जाऊन ओरडला तरी मधला आपला मधेच. ही गोष्ट घरी येऊन तिनं इतक्यांदा सांगितली की आई, म्हणजे जतनबाई, शेवटी म्हणाली, “बाई, तू आता त्याच्याशी लग्नच लाव.” एकदा तर गच्चीवर वाळत घातलेले पापड तिनं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले. मधला पापड सापडला तेवढ्यात तो कावळ्यानं पळवला. राखी जराही खट्टू झाली नाही. उरलेल्यांतला मधला शोधायला बसली.

अशा मुलीला यंदाच्या लग्नसराईत गादीवर बसायचं होतं. तिचा भाऊ कल्पेश पुण्याला नोकरीला लागला होता आणि शेटजींचे गुडघे बोलू लागले होते. पण कापडदुकानाची गादी म्हणजे साधी जागा नव्हे. तिथं बसणाऱ्यानं गिऱ्हाइकाला बसवून ठेवायचं असतं. शेटजींचा सगळा धंदा त्यावरच चालला होता. थप्पीवर थप्पी उलगडत जायची, बायका थकल्या की आपोआप एका साडीवर येतात, असं त्यांचं मत.

“पहिला बस्ता तुझा,” ते राखीला म्हणाले. “पण पावणं उठून गेले, तर दुसऱ्या दिवशी कळंबहून पारसला बोलावतो. मग तू आपली वर बस, पापड मोजत.”

पारस हा चुलतभाऊ. बोलायला असा गोड की ऐकणाऱ्याला पाणी प्यावंसं वाटावं. पण रंग त्याला तीनच ओळखू येत. बाकी सगळ्यांना तो ‘फॅन्सी’ म्हणायचा. पारसनं आपल्या गादीवर बसून राणी कलरला फॅन्सी म्हणावं, ही कल्पनाच राखीला सोसवत नव्हती.

आणि पहिलाच बस्ता आला तो असा.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातली दोन गावं. नवरी आरती एका गावची, नवरा दुसऱ्या गावचा. सकाळी भात आणि नाचणीची भाकर बांधून दोन्हीकडची माणसं एकाच पिकअपमधून उतरली. पुरुष नवरदेवाचं कापड बघायला दुकानाच्या त्या टोकाला गेले आणि बायका गादीसमोर बसल्या. बसल्या म्हणजे कशाही नाही, मानाप्रमाणे. आधी नवरदेवाची आजी कुशाबाई. मग त्याची आत्या रत्ना. मग आई भागूबाई. मग धाकटी बहीण, म्हणजे करवली. त्यानंतर नवरीकडच्या: आई सोनीबाई, मावशी आणि शेवटी वहिनी. नवरी आरती ह्या सगळ्यांच्या मागं, खांबाला टेकून. शालू नवरदेवाकडचे घेणार, पसंत सगळ्या बायका करणार आणि नेसणारी मात्र विचारलं तर ‘तुमी म्हणाल ती’ म्हणणार, अशी रीत.

राखीनं मोठ्या उत्साहानं सात शालू काढले. फिकट गुलाबी, गुलाबी, राणी, डाळिंबी, लाल, मरून आणि वांगी.

“ह्यो वांगी,” रत्नाआत्या लगेच म्हणाली. “आमच्या घरात लगीन म्हंजे गडद रंग. तेज दिसतं.”

“आत्या, कोण नेसतं आता असलं?” करवली म्हणाली. तिनं मोबाईल पुढं केला. “हे बघा, फिकट गुलाबी. सगळ्या नवऱ्या हेच नेसतात.”

“सगळ्या नवऱ्या आजारी हायेत का?”

“लाल असावा,” सोनीबाई पुटपुटली आणि विहिणीकडं बघून लगेच गप्प झाली.

“मरून,” विहीण म्हणजे भागूबाई म्हणाली.

“राणी कलर लई झाक दिसंल,” मावशी म्हणाली.

वहिनीनं बोट फिकट गुलाबीवर ठेवलं आणि करवलीकडं बघून डोळे मिचकावले. कुशाबाई आजीनं कुठंच बोट ठेवलं नाही. तिचं लक्ष वरच्या पंख्याकडं होतं.

मग जो गलका झाला तो पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असेल. शेटजींनी लांबून खूण केली, अजून थप्पी काढ, थकव त्यांना. राखीनं काढली. पण ह्या बायका आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून दिवसभर भात लावणाऱ्या. साड्या बघून त्या काय थकणार? उलट त्यांना चेव आला. थकली ती राखी. थप्प्यांच्या मागं तिचं फक्त नाक दिसत होतं.

नवरदेवाचे वडील दादाभाऊ कापड घेऊन मोकळे झाले होते. ते येऊन म्हणाले, “उरकलं का न्हाई? सावळाराम ड्रायव्हर कटकट करतोय. घाटात त्याला अंधार नको. न्हाईतर उठा, नारायणगावला मोठी दुकानं हायेत, उद्या तिकडं बघू.”

‘उठा’ हा शब्द ऐकला आणि राखीच्या डोळ्यांपुढं पारस आला. गादीवर मांडी घालून, केसांना तेल लावून, फॅन्सी फॅन्सी म्हणत.

“थांबा!” ती इतक्या मोठ्यानं ओरडली की पंख्याकडं बघणाऱ्या आजीनंसुद्धा मान खाली केली. “मी काढून देते. कुणाच्याच बाजूचा नाही. मधला!”

“मधला म्हंजी?” आत्या.

“तुम्ही सात जणी. सातांत मधली चौथी. इकडून तीन, तिकडून तीन. चौथीची पसंती तीच साडी.”

आणि तिनं उत्साहाच्या भरात बसल्या ओळीतच मोजायला सुरुवात केली. आजी, आत्या, आई... आणि चौथी आली करवली.

करवलीनं टाळी वाजवली. “फिकट गुलाबी!”

“हिच्या मनानं?” रत्नाआत्या गुडघ्यावर उभी राहिली. “काल दहावी झालेली पोरगी आमच्या घरचा शालू काढणार? दादा, उठा. खरंच उठा.”

करवली आणि वहिनी सोडून सगळ्या उठायला लागल्या. राखीनं पुन्हा मोजलं. मधली तर बरोबर मोजली होती. मग मधला रंग सोडून टोकाचा कसा आला? तिनं बायकांकडं बघितलं, साड्यांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. ओळ होती, पण ती मानाची ओळ होती! आजी आधी म्हणून आजीचा रंग फिकट होत नाही. सरांनी फळ्यावर पहिलीच पायरी कोणती लिहिली होती? चढत्या क्रमानं मांडा. आयती ओळ दिसली म्हणून ती मांडायचीच विसरली होती.

“चुकलं माझं, चुकलं!” ती गादीवरून टुणकन उतरली. “उठलाच आहात तर बसू नका. पप्पा, त्या थप्प्या घ्या इकडं!”

सातच शालू ठेवून तिनं बाकीचं सगळं भिंतीकडं ढकललं आणि गादीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ लावली. दाराकडं फिकट गुलाबी आणि मग गडद होत होत भिंतीपाशी वांगी.

“आता जिला जो आवडतो, तिनं त्या शालूपुढं जाऊन उभं राहायचं. मान नंतर, रंग आधी.”

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. सुनेनं सासूच्या पुढं उभं राहायचं, विहिणीनं विहिणीच्या बाजूला, असलं त्यांनी बस्त्यात कधी केलं नव्हतं. पण करवली आणि वहिनी धावत जाऊन दाराशी उभ्या राहिल्या तेव्हा बाकीच्यांनाही हसू फुटलं. मावशी राणीपुढं गेली. सोनीबाई लाजत लाजत लालपुढं आणि भागूबाई तिच्या शेजारी मरूनपुढं. दोघी विहिणी खांद्याला खांदा लावून उभ्या. कुशाबाई आजी काठी टेकत गेली आणि डाळिंबीपुढं थांबली.

रत्नाआत्या अर्थातच वांगीपाशी. पण तेवढ्यानं तिचं भागलं नाही. “मधला काढायचा ना? मग मी आनखी लांब जाते. माझ्याकडं वढला पायजे.” असं म्हणून ती भिंतीशी, जिथं शेटजींची काळी छत्री टांगली होती, तिथं जाऊन उभी राहिली. “मला ह्या छत्रीसारखा पायजे!”

राखीला असा आनंद झाला की तिनं आत्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली. “जा आत्या, आणखी लांब जा! मागच्या दारानं बाहेर पडा, पार भीमाशंकरला जा! मधल्याला काही फरक पडत नाही!”

“आसं कसं?”

“बघाच. आई! चहा आण!”

जतनबाई जिन्यात किटली घेऊन तयारच होती. दुकानातली गंमत तिलाही ऐकू येत होती.

“पहिल्या चहाचा मान टोकाच्यांचा,” राखीनं जाहीर केलं. “ह्या टोकाची एक, त्या टोकाची एक. चहाला गेली ती ओळीतून बाहेर. शेवटी जी उरेल, तिचा शालू.”

पहिल्या चहाला गेल्या रत्नाआत्या आणि करवली. सकाळपासून भांडणाऱ्या दोघी जिन्याच्या एकाच पायरीवर बसल्या.

“मी येवढी लांब गेले तरी पैली बाद?” आत्या म्हणाली.

“लांब गेलात म्हणूनच, आत्या. फुंकून प्या, गरम आहे.”

मग वहिनी आणि भागूबाई. मग मावशी आणि सोनीबाई. जिना भरत गेला, ओळ रिकामी होत गेली आणि शेवटी उरली काठीवर हात ठेवून उभी असलेली कुशाबाई आजी. डाळिंबी!

राखीनं टाळी वाजवली. मागं खांबाला टेकलेल्या आरतीनं एकदम मान वर केली आणि हसली. राखीला ते दिसलं.

“आई,” दादाभाऊंनी विचारलं, “तुला डाळिंबी आवडली व्हय?”

“कंची डाळिंबी?” आजी म्हणाली. “मला कुठं डोळ्यानं दिसतंय? हितं पंख्याचं वारं लागतंय बाबा, ब्येस.”

जिन्यावर बशा आपटल्या. हसून हसून मावशीच्या नाकात चहा गेला. रत्नाआत्या मात्र ओठ पुसत उभी राहिली. “न्हाई चालणार. आई पंख्यापुढं हुभी हाय, साडीपुढं न्हाई. तिला काढा.”

आता हे खरंच होतं. राखीनं आजीला हाताला धरून पंख्याखालीच खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना पुन्हा उभं केलं. दोन टोकं चहाला, पुन्हा दोन टोकं चहाला. (जतनबाई वरून ओरडली, “अगं, दूध संपलं, आता कोरा!”) ओळीत उरल्या दोघी, राणीपुढं मावशी आणि लालपुढं सोनीबाई. सहा जणींत मधली एक नसतेच, दोन असतात.

“आता?” दादाभाऊ म्हणाले. बाहेर सावळारामचा हॉर्न.

“दोन मधल्या आल्या की त्यांच्या मधलं घ्यायचं,” राखी म्हणाली. पुस्तकात तसंच होतं. आणि राणी नि लाल ह्यांच्या मधोमध कोण? पुन्हा डाळिंबीच!

“पण तिच्यापुढं कुणीच हुभं न्हाई,” आत्या म्हणाली. “सहा जणींत एकीलाबी नको असलेली साडी नवरीला नेसवायची? पोरी, तुझा हिशोब बरोबर आसंल, पण आमी गावात काय सांगायचं?”

आत्याचं बरोबर होतं. पुस्तकातल्या आकड्यांना गावी जाऊन काही सांगायचं नसतं. दादाभाऊंनी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली. टोपी डोक्यावर गेली की पावणं उठले, हे कापडदुकानात सगळ्यांना कळतं. शेटजींचा हात मोबाईलकडं गेला. कळंबचा नंबर त्यांना पाठ होता.

राखीनं खांबाकडं बघितलं. आरतीचं हसू गेलं होतं.

“सहा जणी आहेत म्हणून अडलंय,” राखी म्हणाली. “सातवी पाहिजे. आणि सातवी इथंच आहे.”

सगळ्यांच्या माना खांबाकडं वळल्या. आरतीचा चेहरा शालूंच्या ओळीत खपून जाईल इतका लाल झाला. “मी? तुमी म्हणाल ती...”

“आम्ही काही म्हणतच नाही, बाई! आमचं अडलंय. तुझ्यावाचून मधलं निघत नाही,” राखी म्हणाली.

सोनीबाईनं विहिणीकडं बघितलं. भागूबाईनं नणंदेकडं. नवरीनं बस्त्यात उठून रंग सांगायचा, हे कुणी बघितलं नव्हतं. रत्नाआत्यानं डोळे बारीक केले, छत्रीकडं बघितलं आणि तिला काय वाटलं कोण जाणे, ती फिस्सकन हसली. “ये गं, ये. माझ्याकडं ये. वांगी घे, तुला तेज दिसंल.”

आरती उठली. दाराकडून चालू लागली. फिकट गुलाबीवरून पुढं गेली तेव्हा करवली “अय्यो!” म्हणाली. राणी ओलांडली तेव्हा मावशीनं सुस्कारा टाकला. मग ती थांबली. डाळिंबीपुढं. आणि पंख्याच्या वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा पदर उडाला तो तिनं धरलाही नाही.

“वारं घ्यायला थांबलीस का साडीसाठी?” आत्यानं विचारलं.

“साडीसाठी,” आरती म्हणाली. “पैल्यापासनं.”

मग चहा, म्हणजे आता कोरा. आत्या आणि करवली. भागूबाई आणि वहिनी. मावशी आणि सोनीबाई. सगळा जिना बायकांनी भरला आणि भल्या मोठ्या गादीपुढं आरती एकटी उभी राहिली, डाळिंबी शालूसमोर. सगळं दुकान तिच्याकडं बघत होतं आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती, असं राखीला तरी वाटलं.

“आता सांगू गावात,” रत्नाआत्या म्हणाली. तिनं कंबरेची पिशवी सोडली, कुंकवाची डबी काढली आणि शालूच्या काठाला पहिलं बोट तिनंच टेकवलं. कुंकू लागलं की शालू बदलत नाही. दादाभाऊंनी टोपी काढली.

शेटजी फोनवर होते. “पारस? काही नाही रे, सहज. तू कळंबलाच बरा आहेस.”

मग धडाधड बाकीचा बस्ता निघाला. मानपानाच्या साड्यांना करवलीनंच टोकाटोकाला चहा द्यायचा आग्रह धरला, पण जतनबाईनं किटली उपडी करून दाखवली. वांगी शालू घडी घालून ठेवताना आत्यानं तो परत मागितला. “माझ्याकडून आरतीला आहेर. पूजेला नेसंल. मी छत्रीपर्यंत गेले व्हते, रिकाम्या हातानं येऊ व्हय?”

पिकअप सुरू झाली. गाठोडी चढली, आजी पुढच्या सीटवर बसली. राखी दारात उभी राहून हात हलवत होती, उंचीनं ना फार, ना कमी, आणि आज आपण नक्की हातभर वाढलोय असं तिला वाटत होतं. इतक्यात रत्नाआत्यानं मागच्या फळीवरून मान बाहेर काढली.

“ए पोरी! रंगाची वळ केलीस ती केलीस. पर मला रुंद काठ पायजे व्हता! आन भागूला बारीक. काठाचं तू इचारलंच न्हाईस!”

गाडी गेली. राखीचा हात तसाच वर राहिला.

शेटजी गादीवरची सुरकुती काढत होते. राखी आत आली ती सरळ शालूंकडं. तिनं ते पुन्हा पसरले, ह्या वेळी एका ओळीत नाही. फिकट ते गडद, डावीकडून उजवीकडं. आणि बारीक काठ ते रुंद काठ, गादीपासून दारापर्यंत. सगळी फरशी शेतासारखी झाली, जणू भाताची खाचरं. एक बाई ह्या कोपऱ्यात उभी राहील, एक त्या कोपऱ्यात, कुणी बांधावर, कुणी मधे.

“आता काय चाललंय?” जतनबाई जिन्याच्या मधल्या पायरीवरून म्हणाली.

“आई,” राखी साड्यांच्या मधोमध उभी राहून, स्वतःभोवती एक गिरकी घेत म्हणाली, “ओळीला दोनच टोकं होती. पण माणसं अशी चारी बाजूंना उभी असली, तर चहाला आधी कुणाला पाठवायचं?”